वाचकांचे प्रश्न : घरातली परिस्थिती बदलली, कौन्सिलला काय कळवायचे?

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या वाचकांकडून गेल्या काही महिन्यांत हाउसिंग बेनिफिटविषयी, म्हणजे घरभाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीविषयी, बरीच पत्रे आली. प्रत्येकाचा प्रसंग वेगळा असला, तरी बहुतेक पत्रांत एक वाक्य थोड्याफार फरकाने सापडते : ‘हे कळवण्यासारखे आहे असे मला वाटलेच नाही.’ त्यातली निवडक पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटणार नाही, अशा बेताने मजकूर संक्षिप्त केला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. हाउसिंग बेनिफिट स्थानिक कौन्सिल देते. त्यासाठी नवा अर्ज आता प्रामुख्याने दोनच गटांना करता येतो : सरकारी पेन्शनचे वय ओलांडलेले लोक, आणि आधारगृहांत (देखभालीसह मिळणाऱ्या घरांत) किंवा कौन्सिलने दिलेल्या तात्पुरत्या निवाऱ्यात राहणारे लोक. बाकीच्यांना भाड्याची मदत युनिव्हर्सल क्रेडिटमधून (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या एकत्रित मदतीतून) मिळते आणि ते केंद्र सरकारचे काम व पेन्शन खाते देते. पेन्शनचे वय ६६ वरून २०२६ ते २०२८ या काळात टप्प्याटप्प्याने ६७ होत आहे. पुढील उत्तरे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स यांना लागू आहेत. उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

प्रश्न : मी ७३ वर्षांची विधवा असून कौन्सिलच्या फ्लॅटमध्ये राहते. सरकारी पेन्शन आणि यजमानांच्या कंपनीचे थोडे पेन्शन एवढेच माझे उत्पन्न आहे. मला हाउसिंग बेनिफिट मिळते आणि एकटी राहत असल्यामुळे कौन्सिल टॅक्समध्ये (घरपट्टीसारख्या स्थानिक करात) सूटही मिळते. घटस्फोटानंतर माझा मुलगा फेब्रुवारीपासून माझ्याकडे राहायला आला आहे. तो भाडे देत नाही, फक्त किराणा भरतो. पोटचा मुलगा आईकडे राहायला आला, हेसुद्धा सरकारला सांगायचे असते का? शेजारीण म्हणते, ‘सांगितलेस तर मदत बंद होईल.’ (लेस्टर)

उत्तर : होय, सांगायचे असते, आणि हे उत्तर वाचल्यावर ते त्याच आठवड्यात सांगावे. आपला मुलगा आपल्यासाठी मुलगाच आहे. हाउसिंग बेनिफिटच्या नियमांत मात्र तो ‘नॉन-डिपेंडंट’ ठरतो, म्हणजे आपल्यावर अवलंबून नसलेली, पण आपल्या घरात नेहमीसाठी राहणारी प्रौढ व्यक्ती. अशी व्यक्ती भाड्याला थोडाफार हातभार लावत असणार असे गृहीत धरून तिच्या उत्पन्नानुसार दर आठवड्याला एक ठरावीक रक्कम आपल्या मदतीतून वजा होते. तो प्रत्यक्षात एक पेनी देत नसला तरी वजावट होते, ही गोष्ट पुष्कळांना अन्यायाची वाटते आणि माझ्या मते त्यांचे तसे वाटणे चुकीचे नाही. पण नियम तसा आहे. वजावटीचे दर दर एप्रिलमध्ये बदलतात, म्हणून येथे आकडे देत नाही.

शेजारणीच्या बोलण्याने घाबरून जाऊ नये, कारण आपल्या बाबतीत दोन सवलती महत्त्वाच्या आहेत. पहिली अशी की पेन्शनचे वय ओलांडलेल्या व्यक्तीकडे नॉन-डिपेंडंट राहायला आला, तर वजावट लगेच सुरू होत नाही, ती २६ आठवड्यांनी सुरू होते. मुलाला सावरून स्वतःची खोली शोधायला तेवढा अवधी बहुधा पुरेल. दुसरी सवलत अशी की आपल्याला अटेंडन्स अलाउन्स मिळत असेल, तर वजावट मुळीच होत नाही. ‘अटेंडन्स’ या शब्दामुळे घरी नोकर किंवा नर्स असल्याशिवाय तो भत्ता मिळत नाही, असा समज आपल्या लोकांत आहे. तो चुकीचा आहे. आजारपणामुळे अंघोळ, कपडे घालणे किंवा रात्री उठणे यांत मदतीची गरज असणे पुरेसे असते, मदत करणारे कोणी प्रत्यक्षात असो वा नसो. गुडघे, दृष्टी, स्मरणशक्ती यांपैकी कशाचा त्रास असेल, तर त्याचा अर्ज अवश्य करावा.

कौन्सिल टॅक्सचे मात्र वेगळे आहे. एकट्या प्रौढ व्यक्तीला मिळणारी २५ टक्के सूट मुलगा कायमचा राहायला आला त्या दिवसापासून संपते आणि तेथे २६ आठवड्यांची मुदत नाही. सूट संपल्याचे २१ दिवसांत कळवावे लागते. आपल्या पत्रावरून हे २१ दिवस उलटून गेलेले दिसतात, म्हणून ‘कळवायला उशीर झाला’ हेही त्याच पत्रात सरळ लिहावे. पत्रासोबत मुलाच्या पगाराच्या अलीकडच्या पावत्या जोडाव्यात. मुलाचे उत्पन्न किती हे कौन्सिलला कळले नाही, तर ती सर्वांत मोठी वजावट लावू शकते, आणि कमी कमावणाऱ्या मुलापायी सर्वांत मोठी वजावट सोसणारी आई मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिली आहे.

मुलगा पुढे दुसरीकडे राहायला गेला, तर तेही तितक्याच तत्परतेने कळवावे. मदत वाढवणारा बदल एका महिन्याच्या आत कळवला, तर वाढ बदलाच्या वेळेपासून मिळते. त्यानंतर कळवला, तर ती कळवल्यापासूनच मिळते आणि मधले आठवडे बुडतात. उशिराला आजारपणासारखे सबळ कारण असेल, तर ही मुदत वाढवून मागता येते, पण एकंदर १३ महिन्यांच्या पलीकडे नाही. मदत कमी करणारा बदल मात्र आपण केव्हाही कळवला, तरी तो घडल्यापासूनच लागू होतो. काटा एकाच बाजूला झुकलेला आहे, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : माझे वय ७५ आणि पत्नीचे ६१. आम्हाला २०१७ पासून पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनधारकांना मिळणारी पूरक मदत) व हाउसिंग बेनिफिट मिळते. साताऱ्याला माझी आई अंथरुणाला खिळली आहे, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी असे तीन महिने आम्ही दोघे तिकडे जाण्याच्या विचारात आहोत. ‘१३ आठवड्यांपर्यंत काही सांगावे लागत नाही’ असे एका मित्राने सांगितले. तिकिटे अजून काढलेली नाहीत. (हॅरो)

उत्तर : तिकिटे काढली नाहीत, हे फार बरे झाले. आपल्या मित्राची माहिती एके काळी खरी होती. २८ जुलै २०१६ पासून ग्रेट ब्रिटनबाहेरच्या तात्पुरत्या वास्तव्यासाठी हाउसिंग बेनिफिटची मर्यादा १३ आठवड्यांवरून ४ आठवड्यांवर आली आणि पेन्शन क्रेडिटलाही तोच ४ आठवड्यांचा नियम लागला. देशातल्या देशात घराबाहेर राहण्यासाठी १३ आठवडे कायम आहेत, आणि अटेंडन्स अलाउन्स परदेशातही साधारण १३ आठवडे चालू राहतो. या दोन्हींमुळे ‘तेरा’ हा आकडा लोकांच्या तोंडी अजून फिरत राहिला आहे. प्रत्येक मदतीचे घड्याळ वेगळे असते.

या ४ आठवड्यांचा अर्थही नीट समजून घ्यावा, कारण गोंधळ येथेच होतो. तीन महिने जाऊन आलो तर पहिले ४ आठवडे मदत मिळेल आणि उरलेल्या काळाची तेवढी कापली जाईल, अशी अनेकांची समजूत असते. नियम तसे म्हणत नाही. निघतानाच आपला बेत ४ आठवड्यांहून अधिक राहण्याचा असेल, तर हक्क पाचव्या आठवड्यापासून संपत नाही, तो निघाल्यापासूनच संपतो. ४ आठवड्यांच्या आत परतण्याचा खरा हेतू असावा लागतो, घर दुसऱ्या कोणाला भाड्याने दिलेले नसावे लागते, आणि परतीची तारीख असलेले तिकीट हा त्या हेतूचा सर्वांत सोपा पुरावा असतो.

तेथे गेल्यावर अघटित घडले, तर काही अपवाद आहेत. आई-वडील, भावंडे, मुले अशा जवळच्या नातेवाइकाचे निधन झाले आणि लगेच परतण्याची अपेक्षा करणे रास्त नसेल, तर आणखी ४ आठवड्यांपर्यंत सवलत मिळू शकते. आपण स्वतः किंवा आपली पत्नी तेथे आजारी पडून उपचारांसाठी अडकल्यास मर्यादा २६ आठवड्यांपर्यंत जाते. मात्र आजारी आईची शुश्रूषा करण्यासाठी परदेशात राहण्याला अशी वाढ मिळत नाही. तेरावे-चौदावे होईपर्यंत थांबणाऱ्याला नियमात जागा आहे, पण त्याआधी दोन महिने उशाशी बसणाऱ्याला नाही, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

आता आपल्या पत्रातील खरा धोका. आपण पेन्शनच्या वयाचे आहात आणि पत्नी नाही. १५ मे २०१९ पासून अशा जोडप्यांना पेन्शन क्रेडिट किंवा पेन्शनच्या वयाचे हाउसिंग बेनिफिट यांसाठी नवा अर्ज करता येत नाही. त्यांना युनिव्हर्सल क्रेडिटकडे जावे लागते. आपला हक्क त्याआधीपासूनचा आहे, म्हणून तो आजवर सुरक्षित राहिला. तीन महिन्यांच्या प्रवासामुळे तो एकदा तुटला, तर परत आल्यावर तो पुन्हा जोडता येत नाही. त्यानंतर पत्नी पेन्शनच्या वयाची होईपर्यंत युनिव्हर्सल क्रेडिटवर राहावे लागेल. तेथे जोडप्याला मिळणारी रक्कम बरीच कमी असते आणि पत्नीवर काम शोधण्याची अटही येऊ शकते. दोघेही पेन्शनच्या वयाचे असलेल्या जोडप्याचे तीन महिन्यांचे भाडे बुडाले असते, पण परतल्यावर त्यांना नवा अर्ज तरी करता आला असता. आपल्या बाबतीत नुकसान तीन महिन्यांचे नसून काही वर्षांचे आहे.

म्हणून दोघांनी मिळून ४ आठवड्यांच्या आतला प्रवास आखावा, तोही काठावरचा नव्हे. विमान चुकणे, धुके, संप यांसाठी चार-पाच दिवस हाताशी ठेवावेत. निघण्यापूर्वी कौन्सिल आणि पेन्शन सर्व्हिस (पेन्शन व पेन्शन क्रेडिट देणारे सरकारी कार्यालय) या दोघांनाही जाण्या-येण्याच्या तारखा लेखी कळवाव्यात. एकाने मागे राहून दुसऱ्याने अधिक काळ जायचे, असा पर्याय मनात असेल, तर हाउसिंग बेनिफिट आणि पेन्शन क्रेडिट यांचे त्याबाबतचे हिशेब सारखे नाहीत. तो पर्याय निवडण्याआधी सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस किंवा एज यूके या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थांच्या सल्लागाराशी बोलावे, आणि ‘मिश्र वयाचे जोडपे’ हे शब्द पहिल्याच वाक्यात उच्चारावेत.

प्रश्न : मी ६९ वर्षांची आहे. मला पेन्शन क्रेडिट मिळत नाही, हाउसिंग बेनिफिट मिळते. बँकेत साधारण ७,५०० पौंड आहेत. गेल्या वर्षी वडील वारले. कोल्हापूरच्या घरात आता आम्हा तिघा भावंडांचा हिस्सा आहे, असे वकील म्हणतात. थोरला भाऊ ७४ वर्षांचा असून वहिनीसह त्याच घरात राहतो. भाऊ म्हणतो, ‘तू तिकडे आहेस, हक्कसोडपत्रावर सही करून टाक.’ माझीही तशीच इच्छा आहे. हे सगळे भारतातले; कागदही अजून माझ्या नावावर झालेले नाहीत. कौन्सिलला याच्याशी काय करायचे आहे? (स्लाउ)

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचा प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. हाउसिंग बेनिफिटसाठी मालमत्ता मोजताना ती कोणत्या देशात आहे याने सूट मिळत नाही. पुण्यातला फ्लॅट, सहकारी बँकेतली मुदत ठेव, गावाकडची जमीन हे सारे भांडवलच. ‘तिकडचे इकडे कोणाला कळते?’ या भरवशावर राहणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की भारत आणि ब्रिटन ही दोन्ही राष्ट्रे २०१७ पासून बँक खात्यांची माहिती एकमेकांच्या करखात्यांना देत आली आहेत.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच झाला, आणि वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत तर मुली आधीपासूनच वारस होत्या. त्यामुळे मालमत्ता पत्रकावर आपले नाव चढलेले नसले, तरी ‘मला अजून काही मिळालेले नाही’ असे म्हणून गप्प बसणे योग्य नाही. वडील केव्हा वारले, घर कोणाच्या नावावर आहे, वारस किती, घरात कोण राहते आणि नोंदीचे काम कोठवर आले, एवढे एका पानात लिहून कौन्सिलला कळवावे. आपला हिस्सा कधीपासून व किती किमतीचा मानायचा, हे तिने ठरवायचे आहे.

कळवल्याने बहुधा नुकसान होणार नाही, ते का हेही सांगतो. एखाद्या घरात अर्जदाराचा पेन्शनच्या वयाचा नातेवाईक स्वतःचे घर म्हणून राहत असेल, तर त्या घराची किंमत अर्जदाराच्या भांडवलात धरली जात नाही. आपले बंधू ७४ वर्षांचे आहेत आणि त्याच घरात राहतात, म्हणून ही सवलत आपल्याला लागू व्हायला हवी. ती नियमाचा उल्लेख करून मागावी आणि बंधूंच्या वयाचा व तेथील वास्तव्याचा पुरावा, म्हणजे आधार कार्ड, वीजबिल यांच्या प्रती, इंग्रजी भाषांतरासह जोडाव्यात.

ही सवलत नसती, तर हिश्श्याची बाजारातली किंमत पाहिली गेली असती आणि विक्रीला खर्च येणार असल्यास त्यातून १० टक्के वजा झाले असते. ज्या घरात भाऊ राहतो आहे त्यातला एकतृतीयांश अविभक्त हिस्सा विकत घ्यायला परका गिऱ्हाईक सहसा तयार होत नाही, त्यामुळे त्याची किंमत संपूर्ण घराच्या किमतीच्या एकतृतीयांशापेक्षा पुष्कळ कमी भरू शकते. कोणी सरळ तीनाने भागाकार करून आकडा पुढे केला, तर स्थानिक मूल्यांककाचे पत्र मागवून हरकत घ्यावी.

आता हक्कसोडपत्र. बहिणींनी सही करून माहेर राखायचे, ही आपल्याकडची रीत आहे आणि तिच्या बऱ्या-वाईटाची चर्चा हा या सदराचा विषय नव्हे. ब्रिटिश नियम मात्र असा आहे की मदत मिळावी किंवा वाढावी या हेतूने कोणी आपली मालमत्ता सोडून दिली, तर ती अजून त्याच्याकडेच आहे असे धरून हिशेब केला जातो. येथे हेतू निर्णायक असतो. बंधू त्या घरात राहत असेपर्यंत आपला हिस्सा मोजलाच जाणार नसेल, तर तो सोडल्याने आपल्या मदतीत काहीच वाढ होत नाही, आणि हा आपला हेतू निर्मळ असल्याचा चांगला पुरावा आहे. तरीही क्रम चुकवू नये : आधी वारसा कळवावा, सवलतीचा लेखी निर्णय हाती घ्यावा आणि मग, इच्छा असल्यास, सही करून तेही कळवावे. आधी सही आणि वर्षभराने कौन्सिलचे पत्र, असा क्रम झाला, तर तीच सही वेगळी दिसू लागते.

घर पुढे विकले गेले, तर पैशाचा हिशेब सुरू होतो. पेन्शनच्या वयाच्या व्यक्तीची १०,००० पौंडांपर्यंतची शिल्लक दुर्लक्षित होते आणि त्यावरील प्रत्येक ५०० पौंडांमागे आठवड्याला १ पौंड उत्पन्न धरले जाते. समजा आपल्या वाट्याला ६,००० पौंड आले, तर एकूण १३,५०० होतील, मर्यादेवरील ३,५०० पौंडांमागे ७ पौंड साप्ताहिक उत्पन्न धरले जाईल आणि जादा उत्पन्नाच्या ६५ टक्के मदत कापली जाते या नियमाने ४ पौंड ५५ पेन्स एवढी मदत आठवड्याला कमी होऊ शकेल. एकूण १६,००० च्या वर गेल्यास मात्र हाउसिंग बेनिफिट बंद होते. ज्यांना पेन्शन क्रेडिटचा गॅरंटी भाग (किमान उत्पन्नाची हमी देणारा भाग) मिळतो त्यांनाच ही वरची मर्यादा नाही. ‘पैसे भारतातून आणताच येत नाहीत’ हे कारण सांगून उपयोग होत नाही, कारण वारशाच्या मालमत्तेचे पैसे अनिवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात १० लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

प्रश्न : मी ६७ वर्षांचा असून एका शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम करतो. गेल्या वर्षी कामाचे तास वाढले. पगारातून कर कापला जातो, म्हणजे सरकारला सर्व ठाऊकच आहे, असे मी समजलो. आता कौन्सिलने ४० आठवड्यांचे मिळून १,८०० पौंड परत मागितले आहेत. मी चोरी केलेली नाही. काय करावे? (बर्मिंगहॅम)

उत्तर : पत्रावरची तारीख प्रथम पाहावी, कारण निर्णयाला आव्हान देण्यासाठी त्या तारखेपासून एक महिना असतो. फेरविचार मागता येतो किंवा थेट अपीलही करता येते. अपील कौन्सिलकडेच पाठवायचे असते आणि ती ते स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे पाठवते. निर्णयाची कारणे सविस्तर लेखी मागण्याचा हक्कही आपल्याला आहे.

‘सरकार’ हा शब्द मराठीत एकवचनी आहे. येथील व्यवहारात तो तसा नाही. करखात्याला, पेन्शन सर्व्हिसला किंवा जॉबसेंटरला माहिती असणे म्हणजे कौन्सिलला कळवणे नव्हे. करखात्याकडील पगाराची माहिती कौन्सिलपर्यंत पोहोचते हे खरे, पण ती बहुधा उशिरा पोहोचते आणि चूक उघडकीला आणण्यासाठी वापरली जाते. आपले कर्तव्य तिने पुरे होत नाही. जादा दिलेली रक्कम कौन्सिलच्या किंवा सरकारी खात्याच्या चुकीने गेली असेल, त्या चुकीत आपला हात नसेल आणि ती जादा आहे हे आपल्या लक्षात येणे अपेक्षित नसेल, तरच ती परत मागता येत नाही. आपल्या बाबतीत हा बचाव टिकणे कठीण दिसते.

तरी १,८०० हा आकडा निमूटपणे मान्य करू नये. हाउसिंग बेनिफिटमध्ये एक उपयुक्त नियम आहे आणि कौन्सिलच्या पत्रात तो सहसा ठळकपणे लिहिलेला नसतो : आपण वेळेवर कळवले असते तर त्या काळात जेवढी मदत मिळालीच असती, तेवढी वसुलीच्या रकमेतून वजा करावी लागते. ४० आठवड्यांचे १,८०० म्हणजे आठवड्याला ४५ पौंड. यावरून दिलेली सगळीच मदत परत मागितलेली दिसते. हातात येणारा पगार आठवड्याला २० पौंडांनी वाढला असे धरू. त्याच्या ६५ टक्के, म्हणजे १३ पौंडांनी मदत कमी व्हायला हवी होती. उरलेले ३२ पौंड आपल्या हक्काचेच होते. मग देणे ४० गुणिले १३, म्हणजे ५२० पौंड होते. यासाठी त्या काळातील सर्व पगारपावत्या आणि बँकेची विवरणपत्रे लगेच सादर करावीत. कौन्सिलने ती मागितली आणि मिळाली नाहीत, म्हणून तिने सरसकट आकडा लावला, असेही अनेकदा घडलेले असते.

चोरीच्या आरोपाबद्दल. रास्त कारणाशिवाय बदल न कळवल्यास ५० पौंडांचा नागरी दंड होऊ शकतो. जाणूनबुजून लपवल्याचा संशय असेल, तर गोष्ट गंभीर होते : खटला किंवा त्याऐवजी जादा रकमेच्या निम्मा दंड, किमान ३५० आणि कमाल ५,००० पौंड. आपल्याला ‘मुलाखतीसाठी’ बोलावून जबाब ध्वनिमुद्रित होणार असल्याचे कळवले गेले, तर सल्लागाराशी किंवा वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नये. निव्वळ वसुलीच्या पत्रात यातले काही नसते. हप्ता जड जात असेल, तर घरखर्चाचा तक्ता जोडून तो कमी करण्याची विनंती करता येते, आणि ती मान्य होतेही.

प्रश्न : मी ३८ वर्षांची, दोन मुलांची आई. मला युनिव्हर्सल क्रेडिट मिळते. घरमालकाने पुढच्या महिन्यापासून भाडे वाढवले आहे. कौन्सिलला पत्र लिहू का? (मिल्टन कीन्स)

उत्तर : भाड्यासाठी नको. आपली भाडे-मदत युनिव्हर्सल क्रेडिटमध्येच आहे, म्हणून बदल आपल्या ऑनलाइन खात्यातून कळवावा आणि भाडेवाढीची नोटीस जोडावी. वाढ लागू होईल त्या मासिक हिशेबाच्या काळातच कळवावे. तो काळ संपल्यावर कळवल्यास वाढ पुढच्या काळापासून मिळेल. खासगी घराची मदत स्थानिक कमाल दराहून अधिक नसते, त्यामुळे भाडे वाढले तरी रक्कम वाढेलच असे नाही. कौन्सिल टॅक्समधील सवलत मिळत असेल, तर त्या योजनेचे बदल मात्र कौन्सिललाच कळवायचे असतात. आणखी एक : युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये खात्याच्या स्वतःच्या चुकीने जादा गेलेली रक्कमही परत मागता येते, म्हणून दर महिन्याचे विवरण उघडून भाड्याचा आकडा आपणच तपासावा.

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी माझे यजमान गेले. हाउसिंग बेनिफिट त्यांच्या नावावर होते. मृत्यूची नोंद करताना ‘टेल अस वन्स’ ही सेवा वापरली, तिने सर्व खात्यांना कळते असे सांगितले गेले. आता मला वेगळे काही करायचे आहे का? मी ७० वर्षांची आहे. (वुल्व्हरहॅम्प्टन)

उत्तर : आपल्या दुःखात असे कोरडे उत्तर द्यावे लागते याचा खेद आहे. ‘टेल अस वन्स’मुळे निधनाची बातमी कौन्सिलला आणि पेन्शन सर्व्हिसला पोहोचते, पण आपला अर्ज त्यातून होत नाही. मदत यजमानांच्या अर्जावर होती, त्यामुळे तो अर्ज त्यांच्याबरोबर संपला. आपण स्वतःच्या नावाने नवा अर्ज करणे आवश्यक आहे, आणि तो आपोआप होईल असे समजून थांबलेल्या घरांतच भाडे थकते. पेन्शनच्या वयाच्या व्यक्तीला मागील तीन महिन्यांपर्यंतची मदत मिळू शकते, म्हणून आजवर काही बुडालेले नाही. याच आठवड्यात कौन्सिलला फोन करून अर्ज मागवावा. भाडेकरार आपल्या नावावर कसा होणार, हे घरमालकाला त्याच वेळी विचारावे. पेन्शन क्रेडिटसाठीही स्वतंत्र अर्ज करावा, कारण दोघांच्या उत्पन्नामुळे पूर्वी ते मिळत नसले, तरी एकटीच्या हिशेबात ते बसू शकते. अर्ज भरून देताना पोच घ्यावी, आणि फोनवर बोलणे झाल्यास तारीख, वेळ व बोलणाऱ्याचे नाव कागदावर लिहून तो कागद भाड्याच्या पुस्तकातच ठेवावा.